कुडाळचं आगळ: रंग अस्सल, मीठ सांभाळून

सोलकढीच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, मला बारा महिने लागतं. डोंबिवलीत मिळणाऱ्या बाटल्यांपैकी निम्म्या नुसत्या आंबट आणि बाकीच्या संशय यावा इतक्या लालभडक. म्हणून यंदा मे महिन्यात माहेरी जाताना कुडाळजवळच्या एका घरगुती उद्योगाकडे थांबले आणि पाच लिटरचा कॅन उचलून आणला. लिटरला २५० रुपये. महाग वाटेल, पण तांब्याभर सोलकढीला दोन-तीन मोठे चमचे पुरतात.

करायची रीत आपल्या आज्यांचीच. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून बिया बाजूला, साली पिंपात, सालींच्या प्रत्येक थरावर खडे मीठ. रोज एकदा लाकडी दांड्याने ढवळायचं. आठवडाभरात मीठच सालींतला रस ओढून बाहेर काढतं, मग गाळायचं आणि भरायचं. चूल कुठेच नाही. हे सगळं करणाऱ्या तिथल्या वहिनींना विचारलं, उकळून घेतलं तर जास्त टिकेल का? त्या म्हणाल्या, "आगळाक आग दाखवूची नाय." खरंच आहे. कोकमाचा लाल रंग उष्णतेने आणि उजेडाने मरतो, रस तपकिरी पडतो. आणि टिकायला आगीची गरजही नाही, कारण मुळातला आंबटपणा जबरदस्त, त्यात मीठ १५-१६ टक्क्यांच्या घरात. एवढ्या खारट-आंबटात बुरशीची काय बिशाद! कॅन माझ्या ओट्याखाली अंधारात आहे, फ्रिजमध्ये नाही. रंग पहिल्या दिवशीसारखाच.

घरी आल्यावर एक गंमत केली. दोन पांढऱ्या वाट्या, एकीत हे आगळ, दुसरीत आमच्या इथल्या दुकानातली लालभडक बाटली. दोन्हींत थोडं पाणी आणि वरून खायचा सोडा. दोन्ही फसफसल्या. सोडा वाढवत गेले तशी कुडाळची वाटी जांभळी झाली, मग काळपट हिरवट. दुकानातली होती तशीच लाल राहिली. कोकमाचा स्वतःचा रंग आंबटपणा गेला की बदलतो, बाटलीतला घातलेला रंग कशाला बदलेल? ती बाटली कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही, पण तुमच्या घरी जी आहे तिच्यावर हे जरूर करून बघा.

आता तक्रारी. लेबलवर मिठाचं प्रमाण छापलेलंच नाही. सवयीने वेगळं मीठ घालाल तर सोलकढी ओतून द्यावी लागेल. नारळाच्या दुधात आधी आगळ, मग चव, मग लागलंच तर मीठ. ब्लडप्रेशरवाल्यांनी जपूनच. दुसरं म्हणजे कॅनचं बूच पातळ आहे, आडवा ठेवला की पाझरतो. घरी आणल्या आणल्या काचेच्या बरणीत ओता, स्टीलच्या डब्यात नको.

अमृत कोकमही घेतलं होतं. तेही बिनआगीचं, सालींच्या दुप्पट साखर घालून मुरवलेलं. वास सुंदर, पण मला फार गोड. एकदा पाणी घातलं की साखरेचं राखण संपलं, ते सरबत त्याच दिवशी संपवायचं.

आमसुलं मात्र डोळे मिटून घ्या. ती सोलर ड्रायरमध्ये वाळवतात, अंगणात नाही, म्हणून धूळ-माशी नाही. ड्रायरचा पंखा एका छोट्या पॅनेलवर चालतो आणि तिथल्या काकांनी ते पॅनेल पाइपाच्या बिजागरीवर बसवलंय. सकाळी पूर्वेला कलतं, दुपारी आडवं, चारनंतर पश्चिमेला, सगळं हाताने. मोटर लावून आपोआप फिरवण्याचा खर्च विचारला, तर म्हणाले त्या पैशात दुसरं पॅनेलच येईल. मला सगळ्यात आवडली ती दुसरी गोष्ट. पॅनेल बसवणारा माणूस ते दक्षिणेकडे कायमचं कलतं ठोकून निघाला होता, काकांनी ठोकू दिलं नाही. कुडाळला मेच्या पहिल्या आठवड्यात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारी थोडा उत्तरेलाच. म्हणजे ऐन रातांब्याच्या हंगामात दक्षिणेला तोंड करून काय उपयोग? वर्षभराच्या विजेसाठी ते ठीक, आमसुलासाठी नाही.

पार्सल पाठवतात, पण फोन दुपारी जेवणाच्या वेळेलाच उचलतात. ताजा माल पाऊस लागेपर्यंतच. पुढे जे मिळतं ते साठवणीतलं, आणि गणपतीच्या आसपास तेही संपतं असं वहिनींनी सांगितलं. मी पुढच्या वर्षीचे दहा लिटर आताच सांगून ठेवलेत, अमृत कोकम वगळून.