चार गुरुवार आणि एक मिश्ना: सिनेगॉगमधला अभ्यासवर्ग

गर्भपाताबद्दल यहुदी ग्रंथ काय सांगतात, यावरचा चार गुरुवारांचा वर्ग नुकताच पूर्ण केला. अमेरिकेत आमच्या भागातलं एक सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनागृह, तो चालवतं. फी 36 डॉलर. आमच्यात देणगी अठराच्या पटीत देतात, कारण ‘हाय’ म्हणजे जीवन या शब्दाच्या हिब्रू अक्षरांच्या आकड्यांची बेरीज अठरा.

मी का गेले ते आधी सांगते. चौदा वर्षांपूर्वी, दुसऱ्या खेपेला, माझ्या हृदयाला बाळंतपण झेपणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आणि मी गर्भपात करून घेतला. मला कुणी पापी म्हणालं नाही. तो शब्द मीच इतकी वर्षं उराशी धरून बसले होते.

पहिल्या दिवशी तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, त्यातल्या निर्गमाचा 21वा अध्याय झाला. मारामारीत गरोदर बाईला धक्का लागून गर्भ गेला तर दंड. बाईच दगावली तर जिवाला जीव. म्हणजे तोरा दोघांना एका पारड्यात घालत नाही.

पण वर्ग खरा दुसऱ्या गुरुवारचा. मिश्ना म्हणजे तोंडी चालत आलेल्या यहुदी नियमांचा जुना संग्रह, त्यातलं ओहोलोत 7:6. बाळंतपण अडलं तर पोटातला गर्भ कापून एकेक अवयव बाहेर काढावा, ‘हायेहा कोदमीन लेहायाव’, तिचा जीव त्याच्या जिवाच्या आधी. बराचसा भाग बाहेर आला की मात्र हात लावायचा नाही. वर्ग घेणाऱ्या रब्बी बाईंनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, ते शब्द आमच्याकडून तीनदा मोठ्याने म्हणवून घेतले. तिसऱ्यांदा माझा आवाज फुटेना. हव्रुतासाठी, म्हणजे जोडीने वाचायला, मला एक निवृत्त नर्स मिळाल्या होत्या. 1973च्या आधी, म्हणजे अमेरिकेत गर्भपात देशभर कायदेशीर होण्यापूर्वी, चोरून गर्भपात करून तापाने फणफणत आलेल्या मुली त्यांनी वॉर्डात पाहिल्या होत्या. त्यांनी नुसता माझा हात धरला आणि मध्ययुगातले भाष्यकार राशी यांचं भाष्य पुढे वाचत राहिल्या: जगाच्या हवेत येईपर्यंत गर्भ ‘नेफेश’, म्हणजे पूर्ण जीव, नाही.

सोयीचं तेवढंच उचललं नाही, हे मला फार आवडलं. चाळीस दिवसांपर्यंत गर्भ ‘नुसतं पाणी’ हे तालमुद या ग्रंथाच्या येवामोत भागातलं वाक्य मुळात कोहेनच्या, म्हणजे पुरोहिताच्या, मुलीने तरुमा, म्हणजे पुरोहितांसाठी राखलेलं धान्य, खावी की नाही या चर्चेतलं आहे, हे बाईंनी आपणहून सांगितलं. विसाव्या शतकातले धर्मनियमांचे मोठे जाणकार रब्बी मोशे फाइनस्टाइन आईचा जीव वाचवण्यापलीकडे परवानगी देत नव्हते. त्यांच्याच काळातले रब्बी वाल्डनबर्ग यांनी टे-सॅक्ससारख्या, बाळ लहानपणीच दगावणाऱ्या, आनुवंशिक आजारात सातव्या महिन्यापर्यंत दिली. वाद आहे, आणि तो आपल्या रब्बीसमोर बसून सोडवायचा आहे. नेमकी तीच जागा गर्भपातावर बंदी घालणारा सरकारचा कायदा हिसकावून घेतो. आईला वाचवणं जिथे धर्माची आज्ञा आहे, तिथे डॉक्टर तुरुंगाच्या भीतीने थांबला तर माझा धर्म मी पाळायचा कसा?

कमी पडला तो चौथा गुरुवार. गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेणारा जून 2022चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, त्याच महिन्यात फ्लोरिडातल्या एका यहुदी मंडळीने धर्मस्वातंत्र्याच्या आधारावर केलेला दावा, केंटकीतल्या तीन यहुदी स्त्रियांचा खटला, सगळं दीड तासात कोंबलं. याला आणखी एक संध्याकाळ हवीच होती. छापील पानांवरची अरामी अक्षरंही फार बारीक आहेत, चष्मा विसरू नका.

हिब्रू येत नसलं तरी चालतं, प्रत्येक उताऱ्याखाली भाषांतर आहे. पुढचा वर्ग मिश्पातीमच्या, म्हणजे निर्गमाचा तोच 21वा अध्याय वाचला जातो त्या, शब्बाथच्या आठवड्यात सुरू होतोय. नर्सबाईंनी आणि मी पुन्हा नाव घातलंय.