आधी दिवाळी अंकाची मांडणी घ्यावी की लोगो?

उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला पोर्टफोलिओत काय घालायचं, यावर कँटीनमध्ये रोज खल चालतो. दोन्ही कामं करून झाल्यावर माझं मत मांडणीच्या बाजूने झुकलंय. पैशांची निकड असेल तर मात्र गणित बदलतं.

मांडणीचा पहिला धडा देवनागरीच देते. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा कंपोझर, म्हणजे अक्षरं जुळवणारी सेटिंग, निवडला नसेल, तर जोडाक्षरं सुटी पडतात आणि पहिली वेलांटी भलत्याच जागी जाऊन बसते. काही लेखक आजही जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये कथा पाठवतात. ती कन्व्हर्टरमधून काढली की रफार आणि अवतरणचिन्हं एकेक तपासावी लागतात. इंग्रजी मजकूर 10 पॉइंटच्या अक्षराला ओळीपासून ओळीपर्यंत 12 पॉइंटच्या अंतराने छान बसतो. मराठीत तोच हिशेब लावलात तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो. मी 11 पॉइंटला 16 ठेवते. त्याने कथा लांबते, पण छपाईचा फॉर्म, म्हणजे एका कागदावर एकत्र छापला जाणारा पानांचा गठ्ठा, 8 किंवा 16 पानांचा असल्यामुळे एखादंच पान वाढवून मिळत नाही. आणि अंक जाहिरातींवर चालतो. सगळं लागल्यावर अर्ध्या पानाची जाहिरात आली की पुढची सगळी पानं सरकतात, एखादी कविता बाहेर जाते, आणि संपादकांना ते सांगायचं कोणी, तर आपण.

लोगोत सगळा भार एकाच आकृतीवर. ती रबरी शिक्क्यावर, दुकानाच्या फ्लेक्सवर आणि ब्राउझरच्या टॅबवरच्या 16 पिक्सेलच्या चौकोनात ओळखू आली पाहिजे, म्हणून सुरुवात एका रंगातच करावी. शिरोरेषेला काहीतरी लटकवायचा मोह सगळ्यांना होतो. उदय कुमार यांच्या रुपयाच्या चिन्हात (2010) ती रेघ शोभते, कारण तिथे देवनागरी र आणि रोमन आर खरोखर एकात मिसळलेत. आपल्या चहाच्या दुकानाच्या लोगोत ती बहुतेक वेळा नुसतीच रेघ असते.

पैसे लोगोचे लवकर हातात येतात, पण 'जरा मोठा करा' हेही त्यासोबत येतंच. किती वेळा बदल करून देणार, ते आधीच लिहून घ्या. कॅरोलिन डेव्हिडसन यांनी 1971 मध्ये विद्यार्थिनी असतानाच नायकीचं चिन्ह केलं आणि तेव्हा त्यांना 35 डॉलर मिळाले. नंतर कंपनीने त्यांना शेअर दिले. आपल्या गल्लीतला डेअरीवाला देणार नाही. चिन्ह पक्कं करण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर सारखं दिसणारं काही आधीच नोंदलंय का, तेही बघून घ्या.

मुलाखतीत लोगो बघून व्हायला क्षणभर पुरतो. तो मापात बेतलाय असं दाखवायला त्याभोवती मागाहून आखलेली वर्तुळं तर समोरचा लगेच ओळखतो. अंक मात्र उलटून पाहिला जातो, आणि 'हे शीर्षक इथे का?' या प्रश्नावर बोलण्यासारखं आपल्याकडे पुष्कळ असतं. शिवाय ओळींमधली नि अक्षरांमधली मोकळी जागा मोजायची सवय लागली की पुढे अक्षरांचा लोगो करताना ती कामी येते. लोगोतून मांडणीकडे जाताना असा आयता फायदा मला तरी झाला नाही.

महिन्याअखेर भाडं थकणार असेल तर लोगो घ्या. नाहीतर जूनमध्येच एखाद्या दिवाळी अंकाच्या संपादकांना फोन करा. गणपतीनंतर विचारलंत तर फक्त प्रूफं तपासायचं काम उरलेलं असतं. लोगो करून घेणारे बारा महिने भेटतात, दसरा-पाडव्याच्या उद्घाटनांआधी तर जरा जास्तच.