कॅनव्हा फॉर एज्युकेशन: वर्गात इन्फोग्राफिक करायला कसं आहे?

मी नववीला भूगोल शिकवते, शाळेत प्रोजेक्टर आहे, नेट कधी असतं कधी नसतं, तर हा रिव्ह्यू तसल्याच शाळांसाठी. आधीच सांगून टाकते, वर्गासाठी इन्फोग्राफिक (म्हणजे आकडे आणि माहिती एका नजरेत दाखवणारं चित्र) करायचं असेल तर कॅनव्हा फॉर एज्युकेशन, म्हणजे कॅनव्हा या डिझाइनच्या ॲपची शाळांसाठीची आवृत्ती, घ्याच. शाळेतल्या शिक्षकांना फुकट आहे, आपण शिक्षक असल्याचा पुरावा तेवढा द्यावा लागतो, आणि मग आपण आमंत्रण पाठवून मुलांनाही आत घेऊ शकतो. एका डिझाइनवर चार-पाच मुलं एकाच वेळी काम करू शकतात, आणि मला विचाराल तर खरी कामाची गोष्ट हीच आहे.

कारण तयार इन्फोग्राफिक दाखवून फार काही होत नाही हो. बाजारातले छापील तक्ते बघा, रंगीत असतात, मुलं दोन दिवस बघतात आणि मग तिकडे कोणाचं लक्षही जात नाही. तेच मुलांना आकडे देऊन सांगा की यातून एकच गोष्ट दिसली पाहिजे असं चित्र करा, मग बघा किती प्रश्न येतात.

मी पर्जन्यछायेचा, म्हणजे डोंगराच्या पलीकडच्या कमी पावसाच्या पट्ट्याचा, धडा असा घेते. महाबळेश्वरला वर्षाला साधारण ५५०० मिमी पाऊस आणि पुण्याला ७०० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ आठपट. आता हे दाखवायला मुलं काय करतात, पाण्याचा एक थेंब घेतात, पुण्याला तेवढाच ठेवतात आणि महाबळेश्वरचा कोपऱ्याला धरून ओढून आठपट उंच करतात. पण कोपरा ओढला की रुंदीपण आठपट होते ना, म्हणजे क्षेत्रफळ झालं चौसष्टपट! डोळ्याला दिसतं ते क्षेत्रफळ, त्यामुळे आकडा खरा आणि चित्र खोटं. हे मी आधी सांगत नाही, दोन्ही थेंब शेजारी ठेवून विचारते की पुण्याचे किती थेंब त्या मोठ्यात मावतील, आणि मग वर्गात जो आरडाओरडा होतो तो होऊ द्यायचा, गणिताच्या तासाला शिकलेलं क्षेत्रफळ भूगोलात असं कामाला येताना बघून मला दर वेळी इतका आनंद होतो की काय सांगू.

यावरचा उपाय जुनाच आहे. १९२० च्या दशकात व्हिएन्नात ओटो न्यूराथ नावाच्या माणसाने सामान्य लोकांना आकडेवारी समजावी म्हणून चित्रांची एक पद्धत काढली, पुढे तिला आयसोटाइप म्हणायला लागले. नियम साधा, जास्त दाखवायचं असेल तर चित्र मोठं करायचं नाही, तेवढंच चित्र जास्त वेळा काढायचं. म्हणजे पुण्याला एक थेंब, महाबळेश्वरला आठ, आणि खाली लिहायचं की एक थेंब म्हणजे ७०० मिमी. कॅनव्हात हे दोन मिनिटांचं काम आहे, एक थेंब कॉपी करत जायचा आणि ओळीत लावायचा.

टेम्प्लेटबद्दल मात्र सावध राहा, आणि हे कुठल्याही ॲपला लागू आहे. तयार टेम्प्लेटमध्ये सहा चौकोन असले की मुलं सहा मुद्दे शोधत बसतात, विषयात तीनच का असेनात. म्हणून माझ्या वर्गात आधी कोऱ्या कागदावर पेन्सिलने आराखडा, तो बघितल्याशिवाय कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. शीर्षक पण नुसतं 'महाराष्ट्रातील पाऊस' चालत नाही, 'सह्याद्रीच्या पलीकडे पाऊस एवढा कमी का' असं काहीतरी पाहिजे, आणि आकडे कुठून घेतले ते खाली लिहायलाच पाहिजे.

मराठीचं म्हणाल तर युनिकोडमध्ये (आपण फोनवर मराठी टाइप करतो तेच) टाइप केलं की काही अडचण नाही. फॉन्ट मात्र देवनागरीसाठी बनवलेलाच निवडा. मुक्ता आणि बालू हे मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले फॉन्ट मला आवडतात, मुक्ता बारीक मजकुराला आणि बालू शीर्षकाला, जोडाक्षरं शेवटच्या बाकावरूनही वाचता येतात. जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर त्यातला मजकूर थेट पेस्ट करू नका, नुसती चिन्हं दिसतील, आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या.

नेटचा भरवसा नसेल तर आदल्या दिवशीच पीडीएफ डाउनलोड करून पेनड्राइव्हवर ठेवायची. पालकांच्या ग्रुपवर पाठवताना फोटो म्हणून नका पाठवू, व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि बारीक अक्षरं पुसट होतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि झेरॉक्स काळी-पांढरी निघणार असेल तर (आमच्याकडे बहुतेक वेळा तीच निघते) लाल-हिरव्या रंगावर फरक अवलंबून ठेवू नका, दोन्ही बऱ्याचदा एकसारखे राखाडी दिसतात, आणि वर्गात हे दोन रंग वेगळे न ओळखणारं एखादं मूल असू शकतंच, म्हणून रंगाच्या जोडीला नाव किंवा रेघांची नक्षी द्या.

पाचवीच्या खालच्या वर्गांना मी हे ॲप देणार नाही. त्यांना बिया, काड्या, बाटलीची झाकणं द्या आणि जमिनीवरच मांडू द्या, न्यूराथचा नियम तिथेही तितकाच चालतो.