जुनं सागवान कापणाऱ्यांनी हातातला मेटल डिटेक्टर घ्यावाच

वाडा पाडला की त्यातल्या तुळया, खांब, कडीपाटाच्या फळ्या आणि दारांच्या चौकटी विकायला येतात. असा भरीव, मुरलेला साग आजच्या लागवडीच्या लाकडात सहसा मिळत नाही, म्हणून आमच्या धायरीच्या वर्कशॉपमध्ये बरंचसं फर्निचर जुन्या लाकडाचंच होतं. पण त्याच्या पोटात लोखंड असतं: लोहाराने घडवलेले चौकोनी खिळे, डोकं तुटून आत राहिलेले तारखिळे, बिजागऱ्यांचे स्क्रू. वरून लांबी (पुट्टी) भरलेली आणि ऑइलपेंटचे थर चढलेले, त्यामुळे नुसत्या डोळ्याला काहीच दिसत नाही.

करवतीच्या पात्याच्या दातांवरच्या कार्बाइडच्या टिपा कडक असतात, तशाच ठिसूळही. फिरत्या पात्याखाली खिळा आला की टिपेचा तुकडा उडतो, आणि तो कुठे जाईल सांगता येत नाही. १० इंची, ६० दातांचं चांगलं पातं आम्हाला तीन हजारांच्या घरात पडतं. धारवाला नवी टिप ब्रेझिंग करून बसवून देतो, पण दोन-तीन दात गेले की पात्याचा भरवसा उरत नाही. रंधा मशीनच्या ब्लेडला खाच पडली तर पुढच्या प्रत्येक फळीवर तेवढीच उभी रेघ उमटत राहते.

मी वापरते तो डिटेक्टर म्हणजे मॉलच्या दारावर सिक्युरिटीवाल्यांच्या हातात असतो तोच प्रकार. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, बाजूला आवाज किंवा कंपन निवडायचं बटण, सेन्सिटिव्हिटीसाठी छोटा स्क्रू. दोन हजारांच्या आत मिळाला. लोहचुंबक पितळी स्क्रूवर गप्प बसतो. हा पितळही दाखवतो. माझ्यासाठी हा एकच फरक पैसे वसूल करणारा आहे, कारण जुन्या चौकटींत पितळ हमखास निघतं. कंपनाची सोयही मोठी आहे. शेजारी मशीन चालू असतं, कानावर मफ असतात, तेव्हा बीप ऐकू येत नाही. हाताला मात्र लगेच कळतं.

त्याची मर्यादा खोलीची. आतल्या कॉइलच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत प्रवाह तयार होतात आणि ते यंत्राला जाणवतात. अंतर वाढलं की ही जाणीव झपाट्याने कमी होते. लाकडात आडवा पडलेला खिळा पटकन सापडतो. बारीक खिळा सरळ टोकाने समोर असेल तर तो निसटू शकतो. म्हणून तुळई चारही बाजूंनी, सावकाश, जवळजवळ लाकडाला टेकवून तपासायची. जाड तुळई चिरली की उघडी पडलेली नवी बाजू पुन्हा तपासायची. ही दुसरी तपासणी आमच्याकडे कोणी टाळत नाही.

तपासणीची जागाही महत्त्वाची. मशीनच्या बिडाच्या टेबलावर लाकूड ठेवून डिटेक्टर फिरवला तर तो सतत ओरडणार. लाकडी घोड्यांवर ठेवा, पण त्या घोड्यांना ठोकलेले खिळे कुठे आहेत तेही आधी बघा. हातातलं कडं, घड्याळ काढून ठेवा.

डिटेक्टरचा हा दांडा फक्त भाग दाखवतो, नेमका बिंदू नाही. त्यासाठी सोबत पिन-पॉइंटर, म्हणजे गाजराएवढा छोटा डिटेक्टर, ठेवते. दांडा वाजला की खडूने गोल करायचा, पॉइंटरने मध्य शोधायचा, मग अरुंद पटाशीने खिळ्याच्या दोन्ही बाजूंचं थोडं लाकूड काढून पकड लावायची. आमचे मिस्त्री मामा पेंट तासल्यावर आधी डाग शोधतात, कारण गंजलेलं लोखंड लाकडातल्या टॅनिनशी मिळून भोवती निळसर काळा डाग सोडतं. डाग दिसला आणि डिटेक्टरही वाजला, तर तिथे खिळा आहेच असं धरून चालायचं. निघतच नसेल तर तेवढा तुकडा हाताच्या जुन्या करवतीने वेगळा करावा. दोन इंच साग गेला तरी पातं वाचतं.

भिंतीसाठीचे स्कॅनरही काहीजण वापरतात. बॉशच्या जीएमएस १२० ला कंपनी लोखंडासाठी १२० मिमी आणि तांब्यासाठी ८० मिमी खोली देते, पण ते कमाल आकडे आहेत. बारीक तारखिळा तितक्या आत दिसेल असं धरू नये. ज्यांच्याकडे तो आधीच आहे त्यांनी जरूर वापरावा. फक्त लाकडासाठी घ्यायचा असेल तर दांडा आणि पॉइंटर ही जोडी मला जास्त पटते.

प्लायवुड किंवा वखारीतून आलेल्या नव्या चिरीव सागावरच काम असेल तर हा खर्च नको. बांधावरचा आंबा किंवा रस्त्याकडेची बाभूळ कापून आणली असेल तर मात्र हवा. पाट्यांचे खिळे आणि कुंपणाची तार झाड आत गिळून टाकतं. खोड जाड होतं, पण ठोकलेला खिळा जमिनीपासून त्याच उंचीवर राहतो, त्यामुळे बुंध्याकडचा माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीपर्यंतचा भाग सर्वात आधी तपासावा. खूप खोल गेलेलं लोखंड या दांड्याला लागणार नाही, म्हणून असा ओंडका देताना सॉ मिलवाल्याला झाड कुठलं होतं ते सांगा आणि प्रत्येक फळी उतरली की पुढची बाजू तपासून द्या.