शिमाझू की मोरी, कोणी जास्त चांगलं निभावलं?

जपानमधल्या 1600 च्या सेकिगाहाराच्या लढाईत ही दोन्ही सरदार घराणी हरणाऱ्या बाजूला होती, पण पुढचं नशीब बघा किती वेगळं. मोरी तेरुमोतो नावाला सरसेनापती, पण प्रत्यक्षात ओसाकाच्या किल्ल्यात बसून राहिला, आणि तरी शिक्षा त्यालाच जबर, कारण साधारण 12 लाख कोकूची जहागीर जाऊन हातात राहिले फक्त सुओ आणि नागातो हे दोन प्रांत (एक कोकू म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ). हिरोशिमा सोडून हागीला समुद्रकाठी नवीन किल्ला बांधावा लागला, सामुराई तेवढेच आणि उत्पन्न मात्र पाव, मग कर्ज होणारच ना.

शिमाझू योशिहिरो मात्र साधारण 1500 माणसं घेऊन शत्रूच्या मधूनच घुसून पळाला, घरी, म्हणजे शिमाझूंच्या सत्सुमा प्रांतात, पोचले जेमतेम 80, पण जमीन जवळपास सगळी वाचली! राजधानीपासून लांब, अगदी दक्षिणेकडच्या क्युशू बेटाच्या टोकाला, कोण जाणार मारायला. वर 1609 मध्ये र्‍युक्यू राज्य (आजचं ओकिनावा) ताब्यात घेतलं आणि त्याच्यामार्फत चीनशी व्यापार केला. अर्थात क्युशूच्या दक्षिणेकडच्या अमामी बेटांवरच्या शेतकऱ्यांकडून काळी साखर अक्षरशः पिळून घेतली, ते विसरू नका.

राज्यकारभारात मला शिमाझू पुढे वाटतात, पण 1863 ला शेतकऱ्यांनाही बंदुका देऊन फौजेत घेणारं चोशू संस्थान मोरींचंच, त्यामुळे थोडा घोळ होतो. 1866 ला दोघे एकत्र आले आणि दोन वर्षांत शोगुनशाही (शोगुन या लष्करी सत्ताधीशाचं राज्य) गेली.