पावणेचार फुटांचं बाथरूम आणि साडेपाच फुटांचं चित्र

आमचं घर नागपूरच्या महाल भागात, जुन्या वस्तीत. मागच्या बोळाला लागून पूर्वी एका ओळीत न्हाणी आणि संडास होते. वरचा मजला चढवला तेव्हा तीच रचना वर गेली, आणि पुढे कधीतरी मधली अर्ध्या विटेची भिंत पाडून दोन्हींचं मिळून एक बाथरूम झालं. लांबी ११ फूट, रुंदी पावणेचार फूट. दार एका टोकाला, खिडकी आणि संडासाचा पाइप दुसऱ्या टोकाला, बोळाच्या बाजूला. महाल-इतवारीकडे ज्यांची घरं आहेत त्यांना असं बाथरूम समजावून सांगायला नको. आत गेलं की बोगद्यात शिरल्यासारखं वाटतं.

गेल्या वर्षी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. नंतर काही महिने वॉकर लागेल, उकिडवं बसायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरात देशी संडास. म्हणजे काम काढायलाच हवं होतं, आणि आई दवाखान्यातून घरी येण्याआधी ते संपायलाही हवं होतं. ही घाई मी ज्या डिझायनरला काम दिलं त्याला पहिल्याच भेटीत सांगून बसले. त्यानंतर प्रत्येक वेळी त्याने तीच वापरली. "ताई, विचार करत बसाल तर आजी येईस्तोवर होणार नाही," हे वाक्य मी त्याच्या तोंडून कितीदा ऐकलं असेल.

माणूस बोलायला गोड. लेझरचं यंत्र लावून त्याने माप घेतलं आणि आमच्यासमोर वहीत ४५ इंच लिहिलं. "टेन्शनच नका घेऊ ताई, एवढ्या जागेत हॉटेलसारखं करून देतो." तीन दिवसांनी फोनवर थ्रीडी चित्र आलं. डाव्या लांब भिंतीवर अधांतरी कमोड, त्याची टाकी भिंतीत लपवलेली. समोर कपाटासह बेसिन, वर दिवा लावलेला गोल आरसा. पुढे काचेचं पार्टिशन, शेवटी शॉवर, आणि खिडकीखाली कुंडीत हिरवंगार झाड. आम्ही सगळे पाहतच राहिलो. आईंनी चष्मा लावून फोन हातात घेतला आणि म्हणाल्या, "इथं तर माझा वॉकर फिरेल गं."

त्याच चित्रात सगळी फसवणूक होती, आणि आम्हाला ती दिसली नाही. दिसली माझ्या भाच्याला, सहा महिन्यांनी. तो म्हणाला, "मामी, यात फरशीच्या टाइल्स मोजल्या का?" टाइल्स दोन फूट बाय एक फूट, लांब बाजू आडवी. चित्रात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोन अख्ख्या आणि एक पाऊण टाइल दिसत होती. म्हणजे साडेपाच फूट. आमची रुंदी पावणेचार. ज्याने वहीत ४५ इंच लिहिलं, त्यानेच चित्र ६६ इंचांचं पाठवलं होतं. ही चूक म्हणता येत नाही. एका तयार चित्रात रंग बदलून ते आमच्या नावावर खपवलं होतं.

म्हणून सांगते, लांबट बाथरूमचं चित्र कुणी दाखवलं तर आधी त्यातल्या टाइल्स मोजा आणि टाइलच्या मापाने गुणा. दोन मिनिटांचं काम आहे.

पुढचं गणित तर कुणीही घरी करू शकतं. अधांतरी कमोड भिंतीपासून साधारण २१-२२ इंच पुढे येतो. लपवलेल्या टाकीसाठी जी खोटी भिंत बांधतात ती आणखी सहा-सात इंच खाते. झाले २८. आमच्या ४५ मधून ते वजा केले तर चालायला उरतात १७. आईंचा वॉकर २२ इंचांचा. शिवाय तोडफोडीचे आणि मलबा उचलण्याचे पैसे लावूनही त्याच्या पोरांनी एका भिंतीच्या जुन्या टाइल्स काढल्याच नाहीत, त्यावरच नव्या चिकटवल्या. दुसऱ्या भिंतीवर मसाल्याचा जाड थर. काम संपल्यावर रुंदी ४३ इंचही भरेना.

पैशांचंही सांगते. अंदाजपत्रक २,४०,००० रुपयांचं. "पक्कं बिल घेतलं तर वर १८ टक्के जीएसटी लागेल, कशाला ४३,००० घालवता," असं तो म्हणाला आणि आम्ही मानलं. मटेरियलसाठी म्हणून एक लाख आगाऊ घेतले, तेही यूपीआयने दोन वेगळ्या खात्यांवर, त्यातलं एकही त्याच्या नावाचं नव्हतं. पुढे थोडे थोडे करून २,०५,००० गेले. अंदाजपत्रकात "ब्रँडेड फिटिंग", "प्रीमियम टाइल्स", "संपूर्ण वॉटरप्रूफिंग" असे शब्द होते. कंपनी, मॉडेल, किती कोट, यांतलं काही नव्हतं. नंतर भांडायची वेळ आली तेव्हा त्या शब्दांना धरायला काहीच जागा नव्हती.

काम एप्रिलच्या शेवटी सुरू झालं, भर उन्हात. तो स्वतः क्वचित यायचा, दोन पोरं काम करायची. प्लास्टरला आठवडाभर तरी तराई, म्हणजे पाणी मारत राहणं, लागते. ऊन ४४-४५ अंशांवर असताना तर जास्तच. इथे संध्याकाळी प्लास्टर आणि सकाळी टाइल. मी हटकलं तर उत्तर आलं, "उन्हाळ्यात लवकर वाळते ना ताई." वाळणं वेगळं आणि सिमेंट पक्कं होणं वेगळं, हे मला आता कळतं.

मग दारातच सहा इंचांची पायरी उभी राहिली. कमोड खिडकीकडच्या मूळ जागेवरून उचलून मधल्या भिंतीवर नेला, म्हणजे चार इंची पाइप फरशीखालून पाच फूट न्यावा लागतो, आणि त्याला उतारही द्यावा लागतो. स्लॅब खोलगट नसेल तर तेवढी अख्खी फरशी उचलण्यावाचून इलाज नाही. चित्रात पायरी नव्हती. वॉकरवर चालणाऱ्या बाईच्या बाथरूमला सहा इंचांची पायरी! मी चिडले तेव्हा त्याने रबरी रॅम्प देतो म्हणून सांगितलं. तो कधी आला नाही.

वॉटरप्रूफिंगच्या दिवसांत मी दवाखान्यात होते. त्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले. करड्या रंगाचे दोन कोट, मग साचवलेलं पाणी. मी 'ठीक आहे' म्हणून अंगठ्याची खूण पाठवून मोकळी झाले. ते फोटो आमच्या बाथरूमचे नव्हतेच. त्यात मोरीची जाळी डाव्या कोपऱ्यात आहे, आमच्याकडे ती उजवीकडे. टाइल्स काढलेली सगळी अरुंद बाथरूम फोटोत सारखीच दिसतात, आणि हे त्याला पुरतं ठाऊक होतं. वॉटरप्रूफिंगचे त्याने २८,००० लावले होते.

आई घरी आल्या. वॉकर दाराबाहेर ठेवायचा, पायरी चढायची आणि भिंतीचा आधार घेत आडव्या पावलांनी कमोडपर्यंत जायचं, असं सुरू झालं. त्या एकदाही कुरकुरल्या नाहीत. एवढा खर्च झालाय म्हणून बोलत नसाव्यात. मला त्याचा जास्त त्रास व्हायचा.

मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मिरवणूक पाहायला पाहुणे आले होते. चहा करताना जाऊबाईंनी स्वयंपाकघराच्या छताकडे बोट दाखवलं. बरोबर बाथरूमच्या खाली ताटाएवढा ओला डाग. फोन केला तर "पावसाची ओल आहे, दिवाळीनंतर पाहू." पाऊस गेला, डाग परातीएवढा झाला. दसऱ्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं.

आणि कोजागिरीच्या सकाळी आई पडल्या. भिंतीवरचा आधाराचा दांडा धरून उठत होत्या, तो स्क्रूसकट हातात आला. खाली फरशी गुळगुळीत. "अँटी-स्किड" म्हणून भिंतीच्या चकचकीत टाइल्स जमिनीवर लावल्या होत्या. हाड मोडलं नाही, पण कमरेला असा मार बसला की काठीवर आलेल्या आई पुन्हा वॉकरवर गेल्या. दार आत उघडणारं. त्या दाराला लागून पडल्या होत्या, त्यामुळे आम्हाला दार ढकलताही येईना. ती पाच मिनिटं मी लिहू शकत नाही.

त्यानंतर ओळखीतल्या एका जुन्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी नुसतं छिन्नीच्या टोकाने ठोकून सांगितलं, "बाई, अर्ध्या टाइल्स पोकळ वाजून राहिल्या." दांडा ज्या प्लास्टिकच्या गुल्ल्यांत बसवला होता त्या विटेपर्यंत पोचल्याच नव्हत्या, जुन्या आणि नव्या टाइल्सच्या मधल्या मसाल्यातच अडकल्या होत्या. फरशी उकरली तर खाली वॉटरप्रूफिंगचा मागमूस नाही, नुसती सिमेंटची पेज फिरवलेली. आणि गिझरची लाइन! गरम पाण्याला सीपीव्हीसीचा पाइप लागतो, फिकट पिवळसर रंगाचा. तो ९० अंशांच्या आसपासचं पाणीही सहन करतो. आमच्याकडे भिंतीबाहेर दिसणारा वीतभर तुकडा तेवढा पिवळसर होता. आत भिंतीत आट्यांच्या कपलिंगने जोडलेला पांढरा, थंड पाण्याचा पाइप. तो गरम पाण्याने वाकून सांध्यात पाझरत होता. डागाचं एक मूळ तेच निघालं. भिंत बंद होण्याआधी पाइपवरचा छापील मजकूर वाचायचा असतो. सीपीव्हीसीवर आयएस १५७७८ हा क्रमांक असतो. फोटो काढून ठेवा, आणि तो स्वतः काढा.

मिस्त्रींनी नवीन काम सुरू करण्याआधी जे केलं ते मला सगळ्यांना सांगायचंय. त्यांनी आम्हाला गच्चीवर नेलं आणि खडूने अख्खं बाथरूम खऱ्या मापात आखलं. ११ फूट बाय पावणेचार. त्यात दोन्हीकडून प्लास्टर आणि टाइल्सचा एकेक इंच आत घेऊन दुसरी रेघ मारली. कमोडच्या जागी प्लास्टिकची खुर्ची, बेसिनच्या जागी पाण्याचा डबा. मग म्हणाले, "आजीला आणा." आईंना दोघांनी धरून वर नेलं. त्या वॉकर घेऊन खडूच्या रेघांमधून हळूहळू चालल्या, खुर्चीपाशी वळल्या, बसल्या. खुर्ची लांब भिंतीला लावली की वॉकरचा पाय रेघेबाहेर जायचा. टोकाला, खिडकीकडे पाठ करून ठेवली की दोन्ही बाजूंना हात ठेवायला जागा. पंधरा मिनिटांत नकाशा ठरला. पैसे शून्य. हीच गोष्ट एप्रिलमध्ये केली असती तर, हा विचार तेव्हा मनात आला तो अजून जात नाही.

आता कमोड मूळ जागी, खिडकीखाली, संडासाच्या पाइपला लागून. त्यामुळे फरशी उचलावी लागली नाही आणि पायरी गेली. मध्ये नहाण्याची जागा, तिथे काच नाही, पडदा. अशा रुंदीत काच लावली की माणूस अडकतो. पाणी मधून वाहू नये म्हणून उतार एका भिंतीकडे, फुटाला एक सूत (इंचाचा आठवा भाग), आणि भिंतीलगत लांब जाळी. दाराजवळ बारा इंच खोलीचं छोटं बेसिन. दार बाहेर उघडणारं. टाइल्स फिकट, खरबरीत, आडव्या लावलेल्या, आणि लांब भिंतीवर मोठा आरसा. त्याने खोली रुंद भासते हे खरंच आहे, पण ते डोळ्यापुरतं. वॉटरप्रूफिंग झाल्यावर मोरी बंद करून दोन इंच पाणी ४८ तास ठेवलं. खाली छतावरच्या डागाभोवती खडूने गोल काढून ठेवला होता. डाग गोलाबाहेर आला नाही, तेव्हाच मिस्त्रींनी पुढचे पैसे घेतले. या सगळ्याला पुन्हा १,६५,००० लागले. आईंच्या नावावरची एक ठेव मोडली.

त्या माणसाला वकिलामार्फत नोटीस पाठवली. उत्तर नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. पक्कं बिल नाही म्हणून काहीच होणार नाही असं आम्हाला कुणीकुणी सांगितलं होतं, आणि त्यामुळे दोन महिने उगाच घालवले. यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, त्याचं अंदाजपत्रक, मिस्त्रींनी उकरताना काढलेले फोटो, हे सगळं पुरावा म्हणून जोडता येतं. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी लागत नाही. दोन वर्षांच्या आत मात्र करावी लागते. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. आमचं प्रकरण अजून चालू आहे, तारखा पडताहेत.

तक्रारीत पहिलंच जोडपत्र म्हणून ते थ्रीडी चित्र लावलंय, भाच्याने टाइल्सवर लाल पेनाने १, २ आणि पाऊण असे आकडे टाकून. दिवा लावलेला गोल आरसा, डावीकडे अधांतरी कमोड, खिडकीखाली कुंडीतलं झाड. नागपुरात आणखी कुणाला हेच चित्र त्यांचं बाथरूम म्हणून दाखवलं गेलं असेल, तर पैसे देऊ नका. आणि दिले असतील तर मला कळवा, तुमचंही चित्र आमच्या प्रकरणाला जोडायचं आहे.