गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर बदलताय? तेल मोजून टाकायचं की फ्लश मारून?

मे महिन्यात खान्देशात हा निर्णय घाईतच होतो. भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास, गाडी आजच हवी, आणि मेकॅनिक विचारतो, "भाऊ, फ्लश मारू (म्हणजे पाइप-कॉइल आतून धुऊ) का जुन्याचं तेल मोजू?" मी एका गाडीत एक केलं, दुसरीत दुसरं.

नवा कॉम्प्रेसर आहे तसा बसवून गॅस मारायचा, हा तिसरा मार्ग मी धरतच नाही. बऱ्याचदा नव्यात अख्ख्या सिस्टीमपुरतं तेल भरलेलं येतं, आणि जुनं तेल कंडेन्सरमध्ये, कूलिंग कॉइलमध्ये, पाइपांत बसलेलंच असतं. दोन्ही मिळून जास्त झालं की कॉइलला आतून तेलाचा थर धरतो, प्रेशर चढतं. मग गाडी हायवेला गार आणि रेल्वे फाटकाला उभी राहिली की गरम.

फ्लश कागदावर सगळ्यात चोख. सगळं धुऊन काढा, मॅन्युअलमधला पूर्ण आकडा भरा, हिशोब संपला. पण सगळं निघालं हे ठरवणार कोण? आमच्याकडे मेकॅनिकने पाइपाच्या तोंडाशी पांढरा पुठ्ठा धरला आणि हवा मारली. पुठ्ठ्यावर तेलाचे ठिपके. परत फ्लश, परत हवा, परत ठिपके, जरा बारीक. शेवटी "झालं" म्हणायचं म्हणून झालं. आत उरलं ते उरलं, वर पूर्ण आकड्याचं तेल पडलं. शिवाय हवा कुठली, तर शेजारच्या टायरवाल्याची, टाकीत पाणी साचलेली. आणि एसीत पडतं ते पीएजी तेल ओलावा ओढून घेण्यात पटाईत. हवेऐवजी कोरडा नायट्रोजन असेल तर गोष्ट वेगळी. मला खुपलं ते हेच: एवढं करून आकडा अंदाजाचाच राहिला.

मोजणीत निदान काय टाकलं ते डोळ्यांना दिसतं. जुना कॉम्प्रेसर उलटा धरून, त्याच्याच क्लचची प्लेट हाताने फिरवत तेल काढायचं. मेडिकलमधली मोठी सिरिंज, बिनसुईची, पुरते. समजा जुन्यातून ५० मिली निघालं आणि नव्यात १२० आहे, तर नव्यात ५० ठेवून बाकी काढा. ड्रायर, म्हणजे गॅसमधला ओलावा शोषणारी डबी, बदलताय ना (बदलाच), मग त्याच्यासोबत गेलेल्याचे १०-१५ मिली वर द्या. पण गॅससोबत तेलही गळून गेलं असेल तर जुना कॉम्प्रेसर जवळपास कोरडा निघतो आणि ही मोजणी फसवते. तिथे मॅन्युअलमधला किमान आकडा धरावा.

मोजून भरलेली गाडी माझी फाटकावरही गार राहते. गाड्या वेगळ्या, त्यामुळे हा काही पुरावा नव्हे. आणि जुन्याचं तेल काळं निघालं, त्यात चमकणारा कीस दिसला, तर मोजत बसू नका. तिथे फ्लशच, आणि कंडेन्सरही नवा. हल्लीच्या कंडेन्सरच्या बारीक नळ्या धुऊन साफ होत नाहीत.

तेलाचा ग्रेड कॉम्प्रेसरच्या स्टिकरवर वाचा, पीएजी ४६ आणि १०० एक नव्हेत, आकडा तेलाच्या घट्टपणाचा असतो. बाटली नवीन फोडायला लावा, दुकानातली अर्धी उघडी नको. आणि बसवल्यावर एसी चालू करण्याआधी प्लेट हाताने दहा-बारा वेळा फिरवून घ्या, आत एका जागी साचलेलं तेल सरकतं.